फौजीची जागल

पत्र

ताई, नमस्कार.

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, त्याला सहा वर्षं झाली. वय ४५. दोनदा काश्मीरात आरआरमध्ये (राष्ट्रीय रायफल्स) होते. दुसऱ्या खेपेला नाल्यात यांच्या पुढं चालणारा पोरगा सुरुंगावर गेला. हे मला यांच्या मित्राकडून कळलं, यांनी कधी तोंडातून काढलं नाही. गावी आल्यापासून रात्रीची झोप नाही. जेवून साडेआठलाच आडवे होतात, लवकर पडलं तर तेवढी जास्त मिळेल म्हणून. पण साडेअकरापर्यंत टक्क जागे. मग डोळा लागतो आणि दोन-अडीचला ओरडत उठतात, बनियन घामानं ओलं. दाराची कडी बघतात, टॉर्च घेऊन गोठ्यामागं चक्कर मारतात, परत कडी बघतात. पहाटे जरा डुलकी, सहापर्यंत नुसते पडून. दुपारी जेवल्यावर दोन तास झोप. वावरात डुकरांचा त्रास आहे, तर जागलीला सगळ्यात आधी हेच तयार. तिथं मात्र बरं वाटतं म्हणतात. मला म्हणतात, "तू झोप, मी हावो न जागा." एकदा ओरडत होते म्हणून हलवलं, तर हात असा पिरगाळला की आठ दिवस बांगडी चढली नाही. मग स्वतःच रडत बसले. कँटीनची रम रोज दोन पेग, कधी तीन. मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी पाच महिने चालू आहे. सासूबाई म्हणतात याले बाहेरचं लागलं. दोन ठिकाणी नेऊन आलो. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "मी काय पागल हावो काय?" मीही रात्रभर यांच्याकडे बघत पडलेली असते. काय करावं?

— एक वाचक, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. जागलीवर बरं वाटतं. सगळ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे. मचाणावर माणसानं जागंच राहायचं असतं. तिथं झोप आली नाही तर कोणी विचारत नाही, उलट शाबासकी मिळते. घरच्या खाटेवर मात्र झोप न येणं म्हणजे रोज रात्री नापास होणं. तुमचे यजमान रोज साडेआठला नापास व्हायला आडवे होतात.

फौजेत वीस-बावीस वर्षं त्यांच्या शरीराला एकच शिकवण मिळाली, की झोपलेला संत्री (पहारेकरी) म्हणजे मेलेली पार्टी (तुकडी). दोन-दोन तासांची संत्री ड्यूटी आणि पहाटे अंधार फाटायच्या वेळचं 'स्टँड टू'. त्या वेळी सगळे हत्यार घेऊन मोर्चावर, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी येतो. त्यात ज्याच्या पुढचा माणूस डोळ्यांदेखत गेला, त्याच्या शरीरानं तर पक्कीच खूणगाठ बांधली: डोळा मिटला की कोणीतरी जातं. म्हणून 'तू झोप, मी हावो न जागा.' यात बाहेरचं काही नाही. ते घराचा पहारा करतात, तुमचाही. फक्त पोस्ट कधीच उठली, हे त्यांच्या अंगाला कोणी सांगितलेलं नाही.

याला आघातोत्तर तणाव म्हणतात, डॉक्टर पीटीएसडी म्हणतील. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हकिकती साचल्या, तेव्हा कुठं १९८० साली हे दुखणं या नावानं मानसोपचाराच्या पुस्तकात आलं. म्हणजे डॉक्टरांनाच उशिरा कळलं, सासूबाईंना दोष देऊ नका.

आता मुद्द्याचं. हा निद्रानाश सुरू झाला त्या नाल्यामुळं, पण आज तो चालतो वेगळ्याच कारणांवर. वावरात गाजरगवत कुठून आलं हे शोधत बसलं तर वावर साफ होत नाही. आज त्याला पाणी कुठून मिळतंय ते बघावं लागतं. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली हेच मांडलं. झोप बिघडायचं कारण एक असतं आणि ती बिघडलेली राहायचं कारण दुसरंच. दुसरं कारण बहुतेक वेळा झोप परत आणायची आपलीच धडपड असते. तुमच्याकडे बघा. लवकर आडवं होणं, सकाळी पडून राहणं, दुपारची झोप, रम, गोळी, कडी बघणं. एकेक गोष्ट झोपेसाठीच केलेली, आणि सगळ्या मिळून झोप खातात.

माझी एक चूक सांगते. या कामात नवी होते तेव्हा असाच एक माजी सैनिक आला होता. मी त्याला ऐटीत सांगितलं, रात्री कोमट दूध घ्या, मोबाइल लांब ठेवा, लवकर पडा. महिन्यानं तो परत आला तो आणखी खचून. लवकर पडल्यामुळं त्याची जागी रात्र दोन तासांनी वाढली होती. दूधबिध ठीक आहे, पण जुना निद्रानाश त्यानं हलत नाही. संशोधनात खरे उपचार एका गटाला देतात आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला बहुधा हाच दूध-मोबाइलचा उपदेश देतात. त्यावरून त्याची किंमत समजा.

खरा उपचार आहे तो निद्रानाशासाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती, सीबीटी-आय. सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली स्पष्ट सांगितलं, की जुन्या निद्रानाशाला पहिला उपचार हाच, गोळी त्यानंतर. तिथलं माजी सैनिकांचं आरोग्य खातं हा उपचार सर्रास देतं. आघाताच्या रुग्णांना तो चालतो का, हाही प्रश्न तपासून झालाय. २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पीटीएसडी असलेले ४५ जण होते. आठ आठवड्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा निद्रानाश पूर्ण गेला. जे नुसते यादीत थांबले होते, त्यांच्यात एकाचाही नाही. म्हणजे सगळेच बरे होतात असं नाही. पण आधी मनातलं सगळं उकरून काढा, मगच झोप येईल, असंही नाही. तुमच्या घरासाठी मोठी गोष्ट हीच, की नाल्याबद्दल एक शब्द न बोलता झोपेवर काम सुरू करता येतं.

आधी हिशेब

दोन आठवडे काही बदलू नका, फक्त लिहा. दुधाचा हिशेब जसा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहिता, तसाच: कितीला आडवे झाले, अंदाजे कितीला डोळा लागला, मधे किती वेळ जागे, कितीला उठले, दुपारी किती झोप, किती पेग. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, सकाळी चहाच्या वेळी अंदाजानं. आणि लिहायचं त्यांनी. संत्री रजिस्टर लिहिलेल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या पत्रावरून मीच अंदाज मांडते. रात्री साडेआठ ते सकाळी सहा, म्हणजे साडेनऊ तास खाटेवर. त्यातली झोप साडेअकरा ते अडीच, तीन तास, आणि पहाटेची दीडेक तास धरू. साडेचार. म्हणजे अंथरुणातल्या दर शंभर मिनिटांत झोपेची सत्तेचाळीस, बाकी नुसतं तळमळणं. आणि दुपारचे दोन तास मिळवले तर चोवीस तासांत साडेसहा तास झोप होतेच आहे! नोट आहे, पण सगळी चिल्लर करून इकडं तिकडं सांडलेली. ती गोळा करून एका जागी आणायची आहे.

मग खाटेवरचा वेळ कमी करायचा

हे ऐकून यजमान हसतील, तुम्ही चिडाल. झोप येत नाही म्हणणाऱ्याला कमी झोपा सांगते ही बाई! पण उपचाराचं मर्म हेच आहे. जेवढी झोप मिळते, त्याला धरूनच अंथरूण द्यायचं. मात्र पाच-साडेपाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. तुमच्याकडे मी साडेपाच तास धरीन. रात्री साडेअकरा ते पहाटे पाच. त्याआधी पाठ टेकायची नाही, आणि रात्र कशीही गेली तरी पाचला उठायचंच. रविवार असो, लग्न असो, पोळा असो. दुपारची झोप बंद. अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत वीस मिनिटं, तीही खुर्चीत.

पहिले आठ-दहा दिवस जड जातात. माणूस चिडचिडा होतो, दिवसा पेंगतो. पण त्या थकव्याचं रात्री वजन पडतं, आणि साडेअकराला खरी झोप येऊ लागते. आठवड्याचा हिशेब करा. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के किंवा जास्त वेळ झोप लागली (साडेपाच तासांत साधारण चार तास चाळीस मिनिटं) तर पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं बक्षीस, सव्वाअकराला पाठ टेकायची. मग अकरा. असं सरकत सरकत साडेसहा-सात तासांवर. ८५ च्या खाली राहिलं तर वाढवायचं नाही.

एक कळकळीची सूचना. या दिवसांत ट्रॅक्टर, थ्रेशर, कडबाकुट्टी आणि रात्रीची मोटरसायकल यांना हात लावायचा नाही. आणि वेळ कमी करायचा हा भाग डॉक्टरला विचारूनच सुरू करा. कोणाला फिट येत असेल, पूर्वी कधी दिवसचे दिवस न झोपता भलताच उत्साह येऊन माणूस बेफाम झाला असेल, तर हा प्रकार त्याला नुकसान करतो. घोरण्याकडेही लक्ष द्या. जोरात घोरतात, मधेच श्वास अडकतो, मग हिसका देऊन उठतात, असं आहे का? झोपेत श्वास अडकण्याचा आजार पीटीएसडीच्या फौजींमध्ये बराच सापडतो. त्याचा इलाज वेगळा असतो, आणि तो आधी करावा लागतो.

खाट नव्हे, अंथरूण

या पद्धतीचा दुसरा खांब रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाचा, १९७२ सालचा. पलंग फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा. अमेरिकेत ठीक आहे. आपल्याकडे दुसरी खोली कुठून आणायची? आणि आपली खाट म्हणजे दिवाणखाना. त्यावरच पाहुणा बसतो, पोर अभ्यास करतं, तूर वाळत घालतो, यजमान टीव्ही बघत जेवतात.

म्हणून मी गावाकडच्या लोकांना खाट सोडायला सांगतच नाही, अंथरूण धरायला सांगते. दिवसभर अंथरूण गुंडाळून कोनाड्यात. उघड्या खाटेवर बसा, जेवा, काय वाट्टेल ते करा. साडेअकराला, डोळे जड झाल्यावर, ते अंथरूण यजमानांनी स्वतः घालायचं. पाचला उठल्यावर फौजेत घडी करायचे तशी कडक घडी घालून ठेवून द्यायचं. पसरलं की झोप, गुंडाळलं की दिवस. बेडिंग रोल त्यांच्या हाताला माहीत आहे. शक्य असेल तर गोधडी नवी घ्या, वेगळ्या रंगाची. जुनीवर सहा वर्षांच्या रात्री चढल्यात.

आडवं झाल्यावर अंदाजे वीस मिनिटं गेली असं वाटलं, मन पळायला लागलं, की उठायचं. तळमळत पडायचं नाही. कुठं जायचं? छपरीत, एका ठरलेल्या खुर्चीत. बारका दिवा. काय करायचं? कंटाळवाणं, हाताचं काम. फल्ली (भुईमुगाच्या शेंगा) फोडा, दोरी वळा, तूर निवडा. मोबाइल नाही, बातम्या नाहीत, सीमेवरचे व्हिडिओ तर अजिबात नाहीत. झोप आली की परत अंथरुणावर. पुन्हा नाही लागली, पुन्हा छपरी. पहिल्या आठवड्यात रात्रीत चार-पाच वेळा उठावं लागेल. लागू द्या. माझ्या ओळखीच्या एका गावात एका घरानं अशा रात्रींत पायलीभर फल्ली फोडून काढली होती, आणि पुढं फल्लीचं डबडं हातात घेतलं तरी माणसाला जांभई यायची.

कडी आणि टॉर्च

साध्या निद्रानाशात हा भाग नसतो, फौजींच्या उपचारात मात्र असतोच. कडी बघितली की क्षणभर जीव शांत होतो, आणि मेंदू शिकतो की कडी बघितली म्हणूनच वाचलो. मग पुन्हा बघावी लागते. एकदम बंद करा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, आणि मी असते तर मीही ऐकलं नसतं.

त्यांच्याच भाषेत करा. रात्री सव्वाअकराला एकच गस्त, दोघांनी मिळून. गोठा, मागचं दार, पुढची कडी. मग त्यांनी तुम्हाला चार्ज द्यायचा, तोंडानं बोलून: "सगळं ठीक." पुढची ड्यूटी कुत्र्याची. ते ऐकण्यात माणसाच्या कितीतरी पुढं आहे आणि त्याला पेन्शनही नाही! रात्री जाग आली की कडीकडं जायच्या ऐवजी छपरीतली खुर्ची. सुरुवातीला अंगाला काटा येईल, छाती धडधडेल. अशा वेळी श्वास सोडताना लांबवायचा, आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा-सात मोजेपर्यंत. आठवड्याला एक चक्कर कमी झाली तरी मी खूश होईन. पावसाळ्यात गोठ्यामागं अनवाणी फिरणं तसंही नको, विंचू-साप आहेत.

आता जागल. निदान तीन महिने बंद. हे त्यांना आवडणार नाही. गावात फौजी म्हणून मान आहे तो याच कामात. पण रोज रात्री पहाऱ्याचा सराव चालू ठेवून पहारा सुटणार कसा? त्यात डुकरं हाकलायला लोक सुतळी बॉम्ब लावतात. सुरुंग बघितलेल्या माणसाच्या शेजारी! पाळी भावकीत वाटून द्या, जमलं तर कुंपणाला झटका मशीन बसवा. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटारीला ऑटो लावा किंवा दुसऱ्याला पाठवा. कधी जावंच लागलं, तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून झोपायचं नाही. ठरल्या वेळीच अंथरूण.

रम, गोळी, खर्रा

रमनं डोळा लागतो हे खरं. पण तीन-चार तासांत ती उतरते आणि उतरताना झोप फाडते, स्वप्नं जोरात येतात. दोन-अडीचची वेळ त्यात बसते की नाही बघा. रम आणि झोपेची गोळी एकत्र हे तर धोक्याचं, श्वास मंदावतो. गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. शेवटी 'लाम' किंवा 'पाम' असेल, तर ती जात पीटीएसडीमध्ये नको असंच जाणकार सांगतात, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायलाच नको होती. पण पाच महिन्यांची गोळी एका रात्रीत बंद करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरनं थोडी थोडी कमी करून सोडवायची. रमचंही तेच: सकाळी हात थरथरत असतील तर घरच्या घरी अचानक सोडायची नाही.

पत्रात खर्र्याचं लिहिलं नाही, पण यवतमाळ जिल्हा आहे, म्हणून विचारते. संध्याकाळनंतर खर्रा नको. तंबाखू झोप उडवते. चहाही चारनंतर नको.

ते स्वप्न

स्वप्नासाठी वेगळी रीत आहे. दिवसा, उजेडात, माणूस आपलं वाईट स्वप्न कागदावर लिहितो. मग त्याला हवं तिथून ते बदलतो. कसंही, अगदी न पटण्यासारखंही. नाला आहे, पण पार्टी अलीकडेच थांबली, कोणीतरी चहा ठेवला. हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढं आणायचं. काही आठवड्यांत बऱ्याच जणांची वाईट स्वप्नं कमी होतात. पण नाल्याच्या स्वप्नापासून सुरुवात नको, आणि समुपदेशकाशिवायही नको. घरी करायचंच तर एखादं हलकं स्वप्न घ्या. प्राझोसिन नावाची गोळीही काही डॉक्टर देतात. २०१८ साली छापून आलेल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. दिली तर घ्या, आस तिच्यावर लावू नका.

झोप सुधारली म्हणजे नाला पुसला गेला असं होणार नाही. आघातावर वेगळे उपचार आहेत, तेही बोलण्याचेच. पण सहा तास झोपलेल्या माणसाला ते झेपतात.

आता तुम्ही

झोपेत त्यांना हात लावायचा नाही. त्यांनी तुम्हाला मारलं नाही. झोपेतल्या हातानं पकडलं, आणि त्या हाताला ठाऊक नव्हतं कोण आहे. तरी मनगट तुमचं आहे. खाटेपासून दोन पावलं लांब, पायांच्या बाजूला उभ्या राहा. लाइट लावा आणि मोठ्यानं, सपाट आवाजात बोला. नाव घेत नसाल तर 'अहो' पुरे: "अहो, घरी आहात. गावात आहात. मी आहे." हवालदार म्हणून हाक मारू नका, त्यानं ते परत पोस्टवर जातात. डोळे ओळखीचे झाल्यावरच जवळ जा. दोन-तीन महिने वेगळ्या खाटेवर, पोरांकडे झोपलात तर संसाराला काही होत नाही. गाव काय म्हणेल? गावाला कळायचं काय कारण!

सासूबाईंशी वाद घालू नका. पाचला उठल्यावर माणसानं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. गावात गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान होत असेल, तर मायलेकांना बरोबर पाठवा. तेवढं चालणं होतं, उगवतीचा उजेड डोळ्यांवर पडतो, आणि त्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं. सासूबाईंच्या मनाचंही राखलं जाईल.

डॉक्टरकडे नेताना डोक्याचं नाव काढू नका, झोपेचं काढा. "तुमची झोप मोजून आणलीय" म्हणून कॅलेंडर पुढं ठेवा. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच, ती योजना २००३ पासून आहे. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी चिठ्ठी मिळते, आणि तुमचं नाव कार्डावर असेल तर तुम्हालाही. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं कोणी सीबीटी-आय म्हणून पाटी लावलेली नसेल. तुम्ही विचारा, झोपेची वर्तन उपचारपद्धती कोणाला येते. त्याआधी घरूनच टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा, १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्यांचा वेगळा कक्षही सुरू झाला. पहिला फोन तुम्हीच करा, स्वतःसाठी. त्यांना पेन्शनची भीती असेल तर सांगा, ती झालेल्या नोकरीची आहे. उपचार घेतल्यानं थांबत नाही.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. 'मी नसतो तर बरं', 'तो गेला, मी कशाला राहिलो' अशा बोलण्याचा सूर लागला, वस्तू वाटून द्यायला लागले, एकदम गप्प झाले, तर दोन आठवड्यांचा हिशेब वगैरे विसरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं काय?" विचारल्यानं ते मनात शिरत नाही. फवारणीची औषधं आजच कुलपात घाला, किल्ली दिराकडे. परवान्याची बंदूक असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करता येते. ती काही दिवस घराबाहेर राहू द्या.

बाकी सगळं हळूहळू. उद्या सकाळी फक्त कॅलेंडर घ्या आणि चौकट आखा. त्या चौकटीत एक रेघ जास्तीची ओढा, तुमच्या झोपेची. सहा वर्षं तुम्हीही संत्री ड्यूटीवर आहात, आणि तुमचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही. दोन आठवडे भरले की त्या पानाचा फोटो मला पाठवा. साडेअकरा की अकरा, ते आपण आकडे बघून ठरवू.